प्रकटीकरण मिटून ठेवू नका

तुम्ही लिहिलंत की बायबलचं शेवटचं पुस्तक, प्रकटीकरण, उघडलं की श्वापद आणि त्याचा आकडा ६६६ एवढंच दिसतं, म्हणून आजी ते पुस्तक वाचू देत नाहीत. अहो, श्वापदाचं वर्णन येतं तेराव्या अध्यायात. त्याआधी चौथा-पाचवा वाचा, शक्यतो मोठ्याने. हे दर्शन लिहिणाऱ्या योहानाला सांगतात, यहूदा वंशाचा सिंह विजयी झालाय. आणि तो बघतो तर सिंहासनापाशी वधलेला कोकरा, म्हणजे येशूच, उभा! इथे माझ्या अंगावर दरवेळी काटा येतो.

लिहिणारा पात्म बेटावर होता, वाचणारे रोमी सत्तेखालच्या सात ख्रिस्ती मंडळ्यांतले. त्यातल्या गरीब, छळ सोसणाऱ्या स्मुर्णा शहरातल्या मंडळीला काय निरोप जातो? तू धनवान आहेस, भिऊ नकोस.

सातव्या अध्यायात सगळ्या राष्ट्रांचा, भाषांचा समुदाय उभा राहतो, तेव्हा मला आपलं नाशिकचं शरणपूर आठवतं. एकोणिसाव्या शतकात गुलामीतून सोडवलेली आफ्रिकी मुलं इथल्या ख्रिस्ती मिशनमध्ये शिकली. त्यांतला जेकब वेनराइट १८७४ मध्ये आफ्रिकेत फिरलेला मिशनरी-संशोधक लिव्हिंग्स्टन याच्या पार्थिवासोबत थेट इंग्लंडला गेला. नाशिककरांना तो समुदाय परका वाटायचं कारणच नाही.

आजींना मात्र आधी एकविसावा वाचून दाखवा, देव स्वतः डोळ्यांतले अश्रू पुसतो तो.