अर्थमंत्री तुम्हीच : देश सुधारायचे ऐकलेले आणि करून बघितलेले उपाय

महागाई, मंदी, नोकऱ्या नाहीत... प्रत्येक सलूनात यावर एक अर्थमंत्री बसलेला असतोच. आमच्या सलूनवाल्या दादांचं म्हणणं, "छापखाना आपला, कागद आपला, मग नोटा छापायला काय होतंय?" मी झिंबाब्वेचं सांगून बघितलं, नोटा छापून छापून महागाई एवढी वाढली की 2009 मध्ये तिथे शंभर ट्रिलियन डॉलरची एकच नोट निघाली होती म्हणून, तर मानेवर वस्तरा टेकवून म्हणाले, "मग, होते ना लोकांकडे पैसे?" मी गप्प बसलो. असलं काही तुमच्याकडे असेल तर लिहा, फक्त पक्षांची धुणी नकोत प्लीज.

——

आमचे आजोबा सोनार. 1963 मध्ये नियम आला की 14 कॅरेटच्या वर नवा दागिना घडवायचा नाही, म्हणजे लोकांचा सोन्याचा सोस कमी होईल आणि परकीय चलन वाचेल. कागदावर झकास आहे की नाही? पण ते सोनं कडक, ठोकताना चिरायचं, आणि बायका हात पण लावेनात. आजोबांनी भाता बंद करून किराणा दुकानात पुड्या बांधल्या. सोनं काय, चोरून येतच राहिलं. कायदा गेला 1990 ला, तेव्हा आजोबांना दिसत नव्हतं.

——

सासूबाई अजून सोमवारी रात्री जेवत नाहीत. पोरगं विचारतं, आजी कुठल्या देवाचा उपास गं? "शास्त्रीजींचा." 1965 चं धान्यटंचाईतलं आवाहन होतं ते, त्यांना थांबा म्हणून कुणी सांगितलंच नाही 😀

——

मी तासगावकडचा. सगळेच उपाय येडे नसतात ओ. "मागेल त्याला काम" ही कल्पना वि. स. पागे यांची, ते विधानपरिषदेचे सभापती होते, आणि पहिला प्रयोग आमच्याच तालुक्यात झाला. मग 1972 चा दुष्काळ पडला आणि आई पाझर तलावाच्या कामावर खडी फोडायला गेली, मुकादम हजेरी घ्यायचा, सुकडी मिळायची ती ती स्वतः न खाता पदराच्या गाठीत बांधून आणायची आणि आम्ही चौघं गाठ सुटायच्या आधीच चाटायला लागायचो. तुमच्या पगारातनं महिन्याला 200 कापतात ना, तो व्यवसाय कर 1975 ला ह्याच रोजगार हमीसाठी सुरू झाला. आईला हे सांगितलं तर म्हणाली, "मग कापू देत की." त्या पाझर तलावाखाली आता द्राक्षबाग आहे, आमची नाही, शेजाऱ्यांची.

——

नोटबंदीत, 2016 ला, आमच्या चाळीखालच्या वाण्याने स्वतःचं चलन काढलं होतं. लोक 2000 ची नोट घेऊन येणार, सुट्टे कुणाकडेच नाहीत, म्हणून पिवळ्या कार्डशीटचे तुकडे, त्यावर 10, 20, 50 आणि खाली सही. दूधवाला घ्यायचा, इस्त्रीवाला घ्यायचा, चक्क भिशीत पण चालले. तीन आठवडे मस्त चाललं आणि मग वाण्याच्या लक्षात आलं की दिल्यापेक्षा जास्त चिठ्ठ्या परत येतायत. माझ्या धाकट्या भावाने पिवळ्या कागदावर झेरॉक्स काढल्या होत्या. दुसऱ्या दिवशी दुकानावर पाटी, "आज रात्रीपासून पिवळ्या चिठ्ठ्या बंद." इस्त्रीवाल्याकडे 340 रुपयांच्या अडकल्या, त्याने त्या आमच्या वडिलांपुढे आणून ठेवल्या. भाऊ महिनाभर वाण्याकडे पोती उचलत होता, हल्ली बँकेत आहे.