प्रतिसाद : ज्युराचे विभाजन भाषेवर नव्हे

स्वित्झर्लंडमधील ज्युरा हे कँटन (म्हणजे तिथला प्रांत) भाषावार प्रांतरचनेचे उदाहरण असल्याचे म्हटले जाते, ते अर्धेच खरे वाटते. १८१५ च्या व्हिएन्ना परिषदेने बाझेलच्या राजबिशपचा (राज्यकर्त्या बिशपचा) बहुतेक मुलूख, म्हणजे ज्युराचा प्रदेश, बर्न कँटनला दिला, आणि जर्मनभाषक बर्नविरुद्धचा असंतोष १९४७ मध्ये उफाळला, कारण बर्न सरकारमधील मंत्री जॉर्ज मोएक्ली यांना ते फ्रेंचभाषक असल्यामुळे बांधकाम खाते नाकारण्यात आले. मात्र २३ जून १९७४ च्या जनमतात ३६,८०२ विरुद्ध ३४,०५७ मतांनी स्वतंत्र कँटनचा कौल मिळाल्यावर, पुढच्याच वर्षी दक्षिणेकडील तीन जिल्ह्यांनी बर्नमध्येच राहणे पसंत केले. तेही फ्रेंचभाषकच होते, पण प्रॉटेस्टंट; उत्तर कॅथलिक. म्हणजे सीमा ठरवताना धर्माचे वजन भाषेहून अधिक पडले, असे माझे मत आहे. १ जानेवारी १९७९ रोजी कँटन अस्तित्वात आले, तरी बर्नमध्येच राहिलेल्या मूतिए शहराचा वाद चिघळतच राहिला : तेथील २०१७ चे मतदान गैरप्रकारांमुळे रद्द झाले (स्वित्झर्लंडमध्येही असे घडते!), २०२१ मध्ये पुन्हा ज्युराच्याच बाजूने कौल लागला, आणि हस्तांतराची तारीख १ जानेवारी २०२६ ठरली.