सांगलीचा कृष्णाकाठ सुधारायचा तर हरकतीत काय लिहावं?

घाटावरचा: आमच्या सांगलीत नदीकाठच्या आराखड्यावर हरकत द्यायचीय. चित्रात फरशी, कारंजी, फूड कोर्ट. २०१९ ला आयर्विन पुलाजवळ पाणी ५७ फुटांवर गेलेलं, धोक्याची पातळी ४५! आमच्या माडीच्या तिसऱ्या पायरीवर गाळाची रेघ अजून आहे. नेमकं काय मागू?

पूररेषा: आधी निळी रेषा नकाशावर दाखवायला सांगा. २५ वर्षांत एकदा येणाऱ्या पुराची ती हद्द. तिच्या आत पक्कं बांधकाम नको.

वांगीवाला: आणि मळीच्या, म्हणजे नदीकाठच्या गाळाच्या, रानावर काँक्रीट ओतू नका म्हणावं. भरीत कशाचं करणार, फरशीचं?

घाटावरचा: हे शेवटचं जसंच्या तसं लिहितो. पोहायला उतरायच्या पायऱ्याही मागतो, रेलिंग नको.