गॅरेजमध्ये गोठलेले अ‍ॅक्रिलिक रंग: टाकू की ठेवू?

मिनियापोलिसकर:
मंडळी, डिसेंबरात पाहुणे येणार म्हणून प्लास्टिकची मॉडेल विमानं बनवायच्या सामानाचं खोकं गॅरेजात टाकलं आणि तीन आठवडे पुण्याला गेलो. इथे पारा उणे 26 सेल्सिअसपर्यंत उतरला होता. परत येऊन पाहतो तर व्हायेहो कंपनीच्या 31 ड्रॉपर बाटल्या दगड. तामिया कंपनीच्या काचेच्या बाटल्या नुसत्या दाटसर. मिग-21 अर्धं रंगवून ठेवलंय हो! गरम पाण्यात बुडवू का?

रंगारी_ठाणे:
अजिबात नको. टेबलावर ठेवा नि दिवसभर विसरून जा. (रंगाच्या कारखान्यात लॅबमध्ये होतो, म्हणून अधिकाराने बोलतोय.) अ‍ॅक्रिलिक म्हणजे पाण्यात तरंगणारे रेझिनचे बारीक कण. पाण्याचा बर्फ होतो तसे ते कण उरलेल्या जागेत एकमेकांवर दाबले जातात आणि चिकटतात. मग बर्फ वितळला तरी सुटत नाहीत. नासलेलं दूध ढवळून पुन्हा दूध होतं का? तेच. पण बऱ्याच रंगांत ग्लायकॉल हे गोठणरोधक असतं, त्यामुळे ते रंग एखाददुसरं गोठणं सोसतात. तामियात अल्कोहोल असतं, म्हणून ते तगलं. वितळल्यावर खूप हलवा, जुन्या स्प्रूवर (किटचे भाग ज्यात जोडलेले येतात ती प्लास्टिकची चौकट) थेंब लावा, दुसऱ्या दिवशी नखाने खरवडा. दाणे दिसले किंवा पावडर निघाली तर सरळ कचऱ्यात.

कॅलगरीची_सई:
काका म्हणतात ते बरोबर. एक भर घालते: गाळून वापरायचा मोह टाळा. गाळणीत अडकतो तो बाइंडरच, म्हणजे रंग चिकटवून ठेवणारं रेझिन; खाली उतरतो तो चिकटण्याची ताकद गेलेला रंग. मी एकदा गाळलेला करडा मारला, मास्किंग टेप काढताना टेपबरोबरच आला. आणि खोक्यात पांढरा गोंद, वार्निश असेल तर तेही बघा, तीही पाण्यात कण तरंगणारी इमल्शनंच. एनॅमल रंगांची काळजी नको, त्यात पाणीच नसतं.

मिनियापोलिसकर:
निकाल: 31 पैकी 26 ठणठणीत. चार रंगांत दाणे. मॅट वार्निशची बाटली दाबली तर साबुदाण्याची खीर बाहेर! बरं झालं सईताईंनी सांगितलं, मी ते थेट कॉकपिटवर मारणार होतो. गोंदाचं रबर झालंय. खोकं आता पलंगाखाली आहे, त्यावरून घरात जे काही बोलणं झालं ते इथे लिहीत नाही. काका, त्या 26 बाटल्या यापुढे लवकर संपवाव्यात का?

रंगारी_ठाणे:
हो. एकदा सोसलंय, पुढच्या गोठण्यात किती टिकतील सांगता येत नाही. आधी मिग पुरं करा.