ग्रामसभेच्या पोरांसाठी क्यूजीआयएस सोपं कसं करावं?

प्रश्न (धानोरा, गडचिरोली)
सामूहिक वनहक्काच्या जंगलात ग्रामसभेची पोरं क्यूफील्डवर (क्यूजीआयएस या नकाशाच्या सॉफ्टवेअरचं मोबाईल ॲप) मोहाची झाडं, रोपवनाची हद्द आणि अवैध तोड नोंदवणार आहेत. मोबाईल सराईत वापरतात, पण संगणकावर क्यूजीआयएस उघडलं की बटणांचा पसारा पाहूनच बिचकतात. त्यांच्यापुढे नेमकं किती ठेवावं?

उत्तर १
भाऊ, आधी फॉर्म बसवा, बटणांचं नंतर. प्रजातीचं नाव टाइप करायला देऊच नका, नाहीतर मोह, मोहा, महुआ अशा तीन जाती तयार होतात. 'व्हॅल्यू मॅप' लावून यादीतून निवडू द्या. तारीख डीफॉल्टने भरू द्या. रकान्यांना मराठी 'एलियास' (फॉर्मवर दिसणारं नाव) द्या.

रोपवनाचं क्षेत्रही आपोआप निघतं. डीफॉल्टमध्ये डॉलर-एरिया ($area, म्हणजे आकृतीचं क्षेत्रफळ) भागिले १०,००० लिहा, पण प्रोजेक्टचं क्षेत्रफळाचं एकक चौरस मीटरच ठेवा. ते आधीच हेक्टर असेल तर दोनदा भागाकार होतो आणि ४ हेक्टरचं रोपवन ०.०००४ दिसतं. 'अप्लाय डीफॉल्ट व्हॅल्यू ऑन अपडेट' टिक करायला विसरू नका. नाहीतर हद्द सुधारली तरी जुनाच आकडा राहतो.

संगणकावर पोरांसाठी वेगळं 'युजर प्रोफाइल' काढा आणि त्यातच 'इंटरफेस कस्टमायझेशन'मधून नको ते टूलबार लपवा. तुमचं स्वतःचं प्रोफाइल शाबूत राहतं.

उत्तर २
नोंदी साठवायला शेपफाइल हा फाइलप्रकार टाळा, जिओपॅकेज घ्या. शेपफाइलमध्ये रकान्याचं नाव १० बाइटांचं. यूटीएफ-८ मध्ये देवनागरीचं एक अक्षर ३ बाइट खातं, मात्राही वेगळी मोजली जाते. 'प्रजाती' एवढंही मावत नाही.

उत्तर ३
यूटीएम झोनकडे (जागा मीटरमध्ये मोजायला पाडलेले पृथ्वीचे उभे पट्टे) लक्ष असू द्या. ७८ रेखांशाच्या पूर्वेला यूटीएम ४४, म्हणजे गडचिरोली, चंद्रपूर, गोंदिया. मेळघाट, अकोला, बुलढाणा ४३ मध्ये. झोन बदलायचा तर 'एक्स्पोर्ट' करूनच बदला. 'सेट लेयर सीआरएस'ने (सीआरएस म्हणजे निर्देशांकांची पद्धत) आकडे तेच राहतात, नुसतं लेबल बदलतं, आणि ४४ ला ४३ म्हटलं की धानोऱ्याची हद्द नाशिक जिल्ह्यात चांदवडकडे जाऊन बसते. झोन तुम्ही प्रोजेक्टमध्येच ठरवून द्या, पोरांना तो विचारायची वेळच येऊ नये.

दाट सागवानात मोबाईलचा जीपीएस पाच-दहा मीटर सहज हलतो. हद्दीच्या खांबापाशी थांबून क्यूफील्डमधलं सरासरीचं मोजमाप वापरा, चालता चालता बिंदू टाकू नका. रेंज नसतेच, म्हणून पार्श्वभूमीचा नकाशा एमबीटाइल्समध्ये (नकाशाचे चौकोनी तुकडे, म्हणजे टाइल्स, साठवणारी फाइल) आधीच भरून न्या. झूमची एकेक पायरी वाढवली की टाइल्स चौपट होतात, तेव्हा गावाच्या हद्दीपुरताच कापा.