पगारी जीपी म्हणजे मजा?

दमलेला_जीपी: काल इथे कुणीतरी लिहिलं, "इंग्लंडात पगारी जीपी म्हणजे नुसती मजा, दहा मिनिटं पेशंट बघा आणि साडेसहाला घरी, आपले फॅमिली डॉक्टर रात्री दहापर्यंत बसतात." डोकंच फिरलं. मी तसाच पगारी जीपी, म्हणजे दुसऱ्यांच्या दवाखान्यात पगारावर असलेला फॅमिली डॉक्टर. एक सेशन, म्हणजे अर्ध्या दिवसाची पाळी, कागदावर चार तास दहा मिनिटांचं, पण ब्लड रिपोर्ट, हॉस्पिटलची पत्रं, रिपीट प्रिस्क्रिप्शन हे कोण बघणार, माझा आजोबा? इथली डॉक्टरांची संघटना बीएमए म्हणते दिवसाला २५ पेशंटच्या वर नकोत, ड्यूटीच्या दिवशी माझे ५० झालेत. पाच पार्टनर, म्हणजे दवाखान्याचे मालक डॉक्टर, आम्ही पगारी अकरा. मीटिंगमध्ये मत विचारतात, ठरलेलं आधीच असतं.

सांगलीचा_बंड्या: बाबांनी ३८ वर्षं दवाखाना चालवला, फी थकली की लोक शेंगा आणून द्यायचे. रजा नाही, पेन्शन नाही. तुला बीएमएच्या मॉडेल काँट्रॅक्टात सहा आठवडे रजा आहे ना भावा, मग रडतोस कशाला

लेस्टरवाली_काकू: तुमचं चालू द्या. सकाळी आठला फोन लावला तर रांगेत बत्तिसावी, आणि नंबर लागेपर्यंत अपॉइंटमेंट संपल्या! दुसऱ्या दिवशी मिळाली तर म्हणे पॅरासिटामॉल द्या. नातवाला चार दिवस ताप होता, शेवटी गावाहून आणलेल्या ॲझिथ्रोच्या गोळ्या दिल्या.

दमलेला_जीपी: काकू!! व्हायरल तापाला अँटिबायोटिक, तेही मनाने?

सांगलीचा_बंड्या: इथे सुई टोचली नाही तर पेशंट समोरच्या दवाखान्यात जातो. खरं सांगायचं तर बाबाही बी-कॉम्प्लेक्स टोचायचेच.

लेस्टरवाली_काकू: टोचत असतील, पण हात लावून तपासायचे ना. इथे म्हणतात घशाचा फोटो पाठवा.

पार्टनर_झालो_आणि_फसलो: गोळ्यांचं राहू दे. पगारी लोकांनो, पार्टनर होऊन बघा. एप्रिल २०२५ ला मालकाने पगारांवर सरकारला भरायचा नॅशनल इन्शुरन्स १३.८ वरून १५ टक्के झाला, तो कोण भरतं? बाकीचे सोडून गेले की बिल्डिंगचं लीज उरलेल्याच्या गळ्यात. २०१९ पासून सरकार फार्मासिस्ट, फिजिओच्या पगाराचे पैसे वेगळे देतं, नवे जीपी त्यात यायला ऑक्टोबर २०२४ उजाडला.

दमलेला_जीपी: बरं बाबा, लीजची झोपमोड तुमची, मान्य. नफ्याचं वाटपही तुमचंच, तेवढं लिहायचं राहिलं वाटतं.

लेस्टरवाली_काकू: ते जाऊ दे, ताप तिसऱ्या गोळीला उतरला.

दमलेला_जीपी: आपोआप उतरला काकू.

लेस्टरवाली_काकू: तू तेच म्हणणार.