प्रतिसाद: दळण, किल्ली आणि देव

रोज देवळात जाणं जमत नाही, मग श्रद्धा टिकते कशी, हा प्रश्न माझ्याच घरचा वाटला. सांगलीत गावभागात राहतो, गणपती मंदिर चालत पाच मिनिटांवर. तरी जाणं होतं ते संकष्टीला, तेही आईनं दोनदा आठवण केल्यावर.

पण शनिवारी दळण टाकायला गेलो की वेगळंच होतं. भुवयांपर्यंत पिठानं पांढरे झालेले गिरणीवाले मामा डबा उघडून बघतात आणि म्हणतात, "आत्ताच हरभऱ्याची डाळ काढलीय. मधी कुणाचे तरी गहू जाऊ देत, मग तुमची ज्वारी घालतो, नाहीतर डाळीचं पीठ त्यात येईल." कोण कशाला एवढी काळजी करेल? मी आपला डब्याशेजारी उभा, आणि मनातल्या मनात हात जोडलेले असतात.

२०१९ च्या महापुरात कृष्णेवरच्या आयर्विन पुलापाशी पाणी ५७ फुटांवर गेलं, तेव्हा आमचं तळघर नव्हे, आख्खा तळमजलाच बुडाला. वरच्या काकूंनी आम्हा पाच जणांना आठ दिवस सांभाळलं. आभार मानायला गेलो तर म्हणाल्या, "आधी चहा घे, मग नाटकं कर."

तेव्हापासून आमची एक किल्ली त्यांच्याकडे असते. पाणी ४० फुटांची इशारा पातळी गाठतंय असं कळलं की मी ऑफिसातून निघायच्या आत देव्हारा आणि कागदपत्रांची पिशवी वर पोचलेली असते. सिलिंडर मात्र मीच चढवायचा.